मीच पिकअप खाल्ला म्हणे!

मी सायलेन्सर बोलतोय. हो, तोच. गाडीच्या पोटाखाली लटकणारा, ज्याच्यावरून कधी कोणी फडकं फिरवत नाही, पण गाडी जरा मागे पडली की ज्याच्या नावानं पहिली शिवी निघते. एरवी तोंड दाबून राहणं हाच माझा धर्म. पण आज बोलणार आहे, कारण माझ्यावर जो आळ आला तो मला अजून पचलेला नाही.

जळगावात कुठल्याही टपरीवर चार हौशी पोरांना विचारा, सायलेन्सर काय करतो रे? लगेच उत्तर येईल, पिकअप खातो. जसा काही मी ताट वाढून घेऊन जेवायलाच बसलोय! यांतल्या एकानंही मला कधी आतून पाहिलेलं नसतं. पण मत मात्र असं ठाम, की जणू यांच्याच हातांनी माझी घडण झाली.

माझी घडण झाली ती धुळ्याला, औद्योगिक वसाहतीतल्या प्रेमराजच्या पत्र्याच्या शेडमध्ये. प्रेमराज म्हणजे एरवी फवारणीच्या टाक्यांचे स्टँड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे फाळके बनवणारा गडी. हात चांगला, पण तोंड त्याहून जोरात चालायचं. त्यानं स्टीलचा एक लांब डबा वळवला, त्याच्या आत आरपार जाणारी, भोकाभोकांची एक नळी बसवली, आणि नळी नि डबा यांच्या मधल्या जागेत ग्लासवूल, म्हणजे काचेचे पिंजलेले तंतू, दाबून भरले. धूर नळीतून सरळ निघून जातो. आवाज भोकांतून बाहेर पडतो आणि त्या तंतूंत हरवतो. एवढीच माझी विद्या. धुराला मी अडवत नाही, हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं रामायण यावरच घडलं.

मला बनवून घेतलं प्रशीलनं. प्रशील जळगावचा, दुकानांत नि घरांत कॅमेरे बसवण्याचा त्याचा धंदा. आज जामनेर, उद्या दीपनगर, अशी रोजची भटकंती. गाडी जुनीच, पण तिच्यावर त्याचा फार जीव. मोठा फिल्टर लावला, इंजिनाचं ट्यूनिंग बदलून घेतलं, आणि कंपनीचा सायलेन्सर काढून टाकून नुसता मोकळा पाइप बसवला. वर आणखी एक हौस केली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागून फटाके फुटल्यासारखा फाट-फाट आवाज यावा, असं ते ट्यूनिंग. म्हणजे इंजिनात जळायचं पेट्रोल पाइपात जाळायचं आणि त्याला शक्ती म्हणायचं! धुळ्यापलीकडच्या माळावर दर हिवाळ्यात हौशी मंडळी पिंपं मांडून गाड्या पळवतात. पिंपांना वळसे घालून जो कमी वेळात परत येईल त्याला कप. आदल्या वर्षी प्रशीलचा कप थोडक्यात हुकला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

मग असल्या माणसाला माझी आठवण का झाली? तर केसरअक्कांमुळे. हे मी नंतर गाडीतल्या बोलण्यांवरून जुळवलं. खाली लटकणाऱ्याला वरचं सगळं ऐकू येतं, फक्त कोणी त्याला विचारत नाही.

केसरअक्का प्रशीलच्याच गल्लीत राहतात, अगदी तोंडाशी. एकट्याच. दावणीला एकच म्हैस, आणि तिच्या दुधावर त्यांचं सगळं चालायचं. अर्ध्या गल्लीच्या चहात तेच दूध. त्या वर्षी म्हैस व्याली आणि पारडू लगेच गेलं. पारडू गेलेली म्हैस सुखासुखी पान्हा सोडत नाही. अक्का तिच्यापुढं सरकीची ढेप ठेवायच्या, कासेला पाणी मारायच्या, हळू आवाजात तिच्याशी गावाकडच्या गोष्टी बोलत बसायच्या, तेव्हा कुठं ती सोडायची. आणि नेमकं त्याच वेळी, दिवस कलताना, प्रशील कामावरून परत यायचा. तो मोकळा पाइप गल्लीत शिरला की भिंतींना आवाज धडकायचा, म्हैस कान टवकारून पाय झाडायची आणि दूध वर ओढून घ्यायची.

एकदा अक्का त्याच्या घरी आल्या. जयभीम घातला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुन्ही गाडी वनी का मन्ही म्हैस पान्हा चोरस. दावणले एकच शे ती. आटनी तं इकनी पडी."

आटली तर विकावी लागेल, एवढंच. भांडण नाही, तक्रारीचा सूर नाही. प्रशीलची बायको संघमित्रा शाळेत शिकवते, वर्गाला ओरडून सांगायची तिला सवय. पण तिनं नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. गाडी बाहेर रस्त्यावर उभी करायचा विचार झाला, पण रस्त्यावर भाजीच्या हातगाड्या, आणि गाडीला ओरखडा पडला तर? ओरखड्याची काळजी बघा केवढी! शेवटी प्रशील म्हणाला, आवाज कमी करून घेतो.

त्यासाठी तो धुळ्याला प्रेमराजकडं गेला, आणि प्रेमराजनं तिथंच पहिली चूक केली. मी त्याचंच लेकरू, तरी सांगतो. प्रशीलनं विचारलं, पिकअप किती जाईल? खरं उत्तर असं होतं: डबा मोठा नि नळी सरळ ठेवली तर फार थोडं जाईल, तेही इंजिन अगदी वरच्या फेऱ्यांत असताना. खालच्या फेऱ्यांत तर कदाचित उलट सुधारेल, कारण तो पाइप वाजवीपेक्षा रुंद होता. पण डब्याचं वजन वाढेल, गतिरोधकाला तळ घासेल. डबा छोटा हवा असेल तर आत वळणं द्यावी लागतील, मग वजन वाचेल पण धूर अडेल. कुठून तरी थोडं द्यावंच लागतं. हे सगळं प्रेमराजला ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून छाती ठोकून म्हणाला, "काहीच जाणार नाही, भाऊ. उलट वाढेल."

मला बसवलं आणि बायपासला गाडी पळवून पाहिली. सोबत प्रशीलचा मित्र कुंदन. हा सावद्याकडचा, घरची केळीची बाग, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं याच्या खिशात. कुंदननं मोबाइलवर वेळ लावली. वेळेत फरक पडला तो पापणी लवण्याएवढा. पण प्रशीलचं तोंड उतरलं. म्हणे, गाडीत जीवच राहिला नाही.

इथं मला संताप येतो. ही माणसं वेग डोळ्यांनी मोजत नाहीत, घड्याळानं मोजत नाहीत, कानानं मोजतात! आवाज मोठा म्हणजे गाडी जोरात, असा यांचा हिशोब. प्रशील गिअरसुद्धा आवाजावर बदलायचा. आवाज दबला तसा त्याचा अंदाज चुकला, गिअर उशिरा पडायला लागला, आणि बोल लागला मला. नाचता येईना अंगण वाकडं. वर गाडी शांत झाल्यावर तिचे बाकीचे सांधे ऐकू यायला लागले, डॅशबोर्डचा खडखडाट, मागच्या दाराची किरकिर. इतके दिवस त्या गोंगाटाखाली झाकलेली सगळी दुखणी. तीही माझ्याच माथी. गल्लीतल्या नि पालिकेच्या गतिरोधकांना घासून घासून माझी पाठ खरवडली जात होती, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

पण म्हैस दूध देऊ लागली. आम्ही गल्लीत शिरायचो तेव्हा अक्कांचं हळू आवाजातलं बोलणं मला ऐकू यायचं, आणि बादलीत पडणारी धारसुद्धा. एका डब्याला याहून काय हवं? मी खूश होतो.

ते फटाके मात्र प्रशीलनं बंद केले नाहीत. गल्लीत नाही, पण हायवेला लागला की पाय उचलून फाट-फाट करायचाच. प्रत्येक फटाका म्हणजे माझ्या पोटात एक भडका. माझी ग्लासवूल जळत गेली, तुटत गेली, धुराबरोबर उडत गेली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी आतून निम्मा रिकामा झालो होतो आणि आवाज पुन्हा वाढायला लागला होता. संघमित्रानं दोनदा टोकलं. धुळ्याला जाऊन प्रेमराजकडून नवी भरून घ्यायची, इतकं सोपं काम. पण माळावरची स्पर्धा तोंडावर आली होती आणि कामांतून सवड नव्हती.

तेव्हा कुंदनला सुचलं. अहो, काय सुचावं? केळीचं सोपट! केळीच्या खांबाची ती वाळलेली साल. त्याच्या बागेत सोपटानं रोपं बांधतात, घड बांधतात, क्रेटमध्ये फण्यांखाली तेच अंथरतात. ज्या घरात सगळी कामं सोपटानं होतात, तिथं सायलेन्सरही त्यानंच का भरू नये? प्रशीलला जरा शंका आली. पेटलं तर? कुंदन म्हणाला, "मले ठाव हाये. ओलं करून भरू, ओलं सोपट पेटत नाही."

उंटावरचा शहाणा तो हाच! आगीच्या वाटेवर बसणाऱ्या माझ्यात पाला भरणार, आणि ओला केला म्हणून तो पेटणार नाही म्हणे. ओलं किती वेळ ओलं राहणार, एवढंही दोघांना विचारावंसं वाटलं नाही.

सावद्याला त्याच्या घरच्या केळीच्या शेडमध्ये, फण्यांच्या ढिगांशेजारी माझं मागचं झाकण उघडलं आणि ओल्या सोपटाच्या जुड्या काठीनं ठासून ठासून भरल्या. तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण कुंदनला वाटलं, थोडी जास्त शांतता हवी, म्हणून एक बोळा नळीच्या आतही सरकवला. धुराच्या वाटेतच! माझ्या घशातच म्हणा ना. म्हणजे जे मी जन्मात कधी केलं नाही ते, धूर अडवण्याचं काम, या दोघांनी माझ्याकडून जबरदस्तीनं करून घेतलं.

सुरुवातीला गाडी अशी शांत झाली की संघमित्रानंही कौतुक केलं. प्रशीलनं कुंदनच्या पाठीत थाप मारली. माझा जीव मात्र आत गुदमरत होता. मग सोपट वाळलं, करपलं, राख-कोळसा होऊन नळीतल्या बोळ्यावर साचलं. स्पर्धेच्या दिवशी माळावर पोचेपर्यंत माझं अंग इतकं तापलं होतं की वर बसलेल्यांच्या पायांना चटके लागत होते. झेंडा पडला, प्रशीलनं पाय दाबला, आणि गाडी ओझ्यानं वाकलेल्या बैलासारखी धापा टाकत निघाली. मागून निळा धूर, आणि जळक्या पाल्याचा वास. बघणारे हसायला लागले. कुणी तरी ओरडलं, वेफर तळताय का? प्रशील शेवटून पहिला आला.

आणि त्यानं काय केलं? कुंदनला एक शब्द बोलला नाही. स्वतःला तर नाहीच. पाना घेतला, गाडीखाली शिरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सायलेन्सरनं वाट लावली. बठ्ठा पिकअप खाई गया." मी तापलेला होतो, त्याचे हात भाजले, म्हणून मला आणखी दोन शिव्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मला डिकीत फेकलं आणि मोकळ्या पाइपानं गाडी जळगावला निघाली.

डिकीत पडल्यापडल्या मला एकच घोर लागला होता. दिवस कलत आला होता. हरलेल्या माणसाचा पाय जड असतो, आणि त्या रागात तो गल्लीच्या तोंडाशीही हलका झाला नाही. वळताना पाय उचलला आणि ते फटाके फुटले, अगदी अक्कांच्या दाराशी.

बादली पडल्याचा आवाज मी ऐकला. मग अक्कांचा. म्हैस बिथरली होती, लाथ अक्कांच्या मनगटावर बसली होती, दूध शेणात मिसळून गटारीकडं निघालं होतं. प्रशील धावत गेला, पाया पडला, दवाखान्यात घेऊन गेला. मनगटाचं हाड शाबूत होतं. पण म्हशीनं त्या दिवसापासून जो पान्हा आखडला तो सोडलाच नाही. अक्कांचा एक हात बांधलेला, दुसऱ्यानं त्या थोपटत राहायच्या. गल्लीतली वच्छलाबाई पिळायला यायची, तर परक्या हाताला म्हैस उभीच राहायची नाही. कास सुजली. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं आणि म्हणाले, हिला शांतता पाहिजे.

शांतता! ती तर माझ्या रूपानं प्रशीलच्या जिन्याखाली पडली होती. पाण्याच्या मोटारीशेजारी, जुन्या चपला नि रंगाच्या डब्यांच्या संगतीत. संघमित्रानं नवऱ्याला सांगितलं, सायलेन्सर पुन्हा लावा. तर तो म्हणाला, "त्या डबड्याचं नाव काढू नको. कप घालवला त्यानं माझा." चार दिवस गाडी कमी वापरतो, म्हणाला. पण कॅमेऱ्यांची कामं काही थांबत नाहीत. गाडी निघायची, गाडी यायची.

मग एके सकाळी गल्लीत व्यापारी आला. म्हशीचे दात बघत होता, कास दाबून बघत होता. संघमित्रा शाळेत जायला निघाली होती. तिनं ते पाहिलं आणि तिथून माघारी फिरली. शाळेत फोन करून रजा टाकली, जिन्याखालून मला ओढलं, ढेपेच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि एसटीनं धुळ्याला निघाली. कंडक्टर विचारत होता, पोत्यात काय आहे? ती म्हणाली, "आमच्या घरातली अक्कल. दुरुस्तीला नेतेय." त्या सगळ्या दिवसांत माझ्या बाजूनं कोणी बोललं असेल तर ते एवढंच.

प्रेमराजनं झाकण उघडलं आणि आत पक्कड घातली. काळा बोळा बाहेर निघाला, वासासकट. म्हणाला, "हाई सायलेन्सर शे का चूल?" संघमित्राला हसू आलं नाही. तिनं त्याला सरळ विचारलं, तुम्ही आधी काहीच जाणार नाही असं का सांगितलंत? प्रेमराजनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "थोडं जातंच, ताई. वरच्या टप्प्याला जातंच. काहीच जात नाही म्हणणारा बी खोटा, आणि बठ्ठं जातं म्हणणारा बी खोटा. मी खोटं बोललो, म्हणून त्यांना वाटलं सायलेन्सरनंच फसवलं."

इतक्या दिवसांनी हे कोणी तरी कबूल केलं. मला नवी ग्लासवूल मिळाली, नळी साफ झाली, झाकण पक्कं झालं. संघमित्रानं तो काळा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि आम्ही संध्याकाळच्या आत जळगावला परतलो.

प्रशील घरीच होता. तिनं पिशवी टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "हे घातलं होतं तुम्ही त्याच्या घशात," ती म्हणाली. "आणि कप यानं घालवला म्हणता." प्रशीलनं पिशवी उघडली, वास घेतला. मग उठला. लॅपटॉप लावून ते फटाक्यांचं ट्यूनिंग काढून टाकलं, गाडीखाली शिरला आणि स्वतःच्या हातांनी मला बसवलं. बोल्ट आवळताना हळूच म्हणाला, चुकलं. मला म्हणाला की स्वतःलाच, ते मी विचारलं नाही.

गाडी चालू करून तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला. इतका हलका पाय मी त्याचा कधी पाहिला नव्हता. अक्कांच्या दाराशी थांबला, काच खाली केली. अक्का एका हातानं गव्हाणीतली उरलेली ढेप खरवडून टोपल्यात भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना गाडी आल्याचं कळलंच नव्हतं. प्रशीलचा चेहरा खुलला. म्हणाला, "अक्का, बघा, आता आवाज येतच नाही."

अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं. मागं दावं खुंट्याला नुसतं लोंबत होतं. म्हैस दुपारीच व्यापाऱ्याबरोबर गेली होती, आम्ही धुळ्याला असताना.

"आते कोनासाठे, भाऊ?" अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा ढेप खरवडू लागल्या.

मी आजही त्याच गाडीखाली आहे. प्रशील मला काढत नाही, शिव्याही देत नाही. अक्का आता पिशवीचं दूध आणतात, आणि कधी तो रस्त्यात भेटला तर दोघं नीट बोलतात. पण त्या दारावरून जाताना तो रेडिओ बंद करतो आणि काही बोलत नाही. मी तर बोलूच शकत नाही, तिथं गप्प राहण्यासाठीच मला घडवलंय.

म्हणून तुम्हाला सांगतो. गाडी पळवा, हौस करा, मी आड येणार नाही. मी तुमचा थोडा दम घेतो, हेही कबूल. पण मला बसवायचं असेल तर नीट बसवा, खरं ऐकून बसवा, आणि शेजारच्या दारी दावण रिकामी व्हायच्या आधी बसवा. नंतर माझा काही उपयोग नाही.